हिमनदीचा धुरा मोजताना

नववीच्या मुलांना गंगोत्री हिमनदी मागे सरकल्याचं उपग्रहचित्रांवरून दाखवायचं आहे. शाळेत एकच संगणक आहे. जमेल का? (शिक्षिका, मोर्शी)

नक्की जमेल. क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) आणि लँडसॅट उपग्रहांची चित्रं दोन्ही फुकट मिळतात. गोमुख, म्हणजे या हिमनदीचं टोक, जवळजवळ नागपूरच्याच रेखांशावर, सरळ उत्तरेला आहे. प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) यूटीएमच्या 44 उत्तर विभागाचा ठेवा.

महिना सांभाळा. सगळी चित्रं सप्टेंबरअखेरची हवीत, म्हणजे वितळणं संपत आलेलं आणि नवा बर्फ पडायचा असतो. एखादं चित्र डिसेंबरचं घेतलंत, तर उतारावरचा ताजा बर्फही हिमनदीत मोजला जाईल.

लँडसॅट-8 च्या पट्टा 3 (हिरवा प्रकाश) मधून पट्टा 6 (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश) वजा करा आणि उत्तराला दोन्हींच्या बेरजेनं भागा. 0.4 च्या वर आलं तर साधारणपणे हिम. मात्र गोमुखाशी हे सूत्र फसतं. तिथं बर्फावर दगडमातीचा थर आहे आणि तो उपग्रहाला शेजारच्या डोंगरासारखाच दिसतो. तेवढी कड हातानंच आखावी लागते: भागीरथी बाहेर पडते ती जागा आणि बर्फाच्या कड्याची सावली, या दोन खुणा धरून.

उलट तळ्याचं पाणी याच सूत्रात हिमासारखं चमकतं. म्हणून आधी अप्पर वर्धा धरणावर सराव करून घ्या. ऑक्टोबर आणि मे महिन्यातला जलफुगवटा मुलं स्वतः आखतील, आणि तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असेल.

दोन वर्षांची चित्रं एकावर एक ठेवली, तर हिमनदी 25 मीटर पुढे आलेली दिसते. असं कसं? (शेतकरी, समुद्रपूर)

ती पुढे आली असं यावरून म्हणता येत नाही. लँडसॅटचा एक पिक्सेल 30 मीटरचा. प्रत्येक रेषेत अर्धा पिक्सेल, 15 मीटर, चूक धरावीच लागते. दोन रेषांची मिळून (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ) 21 मीटर झाली. त्यात चित्रं एकमेकांवर तंतोतंत न बसल्याची चूक वेगळीच. तुमचे 25 मीटर त्यातच बुडाले. निदान 10 वर्षांचं अंतर ठेवा.

दुसरं म्हणजे, वावराचा धुरा सरकलाय का हे आपण एकाच ठिकाणी टेप लावून ठरवत नाही. हिमनदीच्या टोकावर प्रवाहाच्या दिशेनं ठरावीक रुंदीची चौकट आखा. रुंदी 600 मीटर आणि आतलं घटलेलं क्षेत्र 12 हेक्टर असेल, तर सरासरी माघार 200 मीटर. उत्तरासोबत किती मीटरची चूक धरली तो आकडाही लिहिलाच पाहिजे.

वर्धा, वैनगंगेला हिमनदीचं पाणी येतं का? (वाचक, पवनी)

नाही. दोन्ही पावसावरच्या नद्या आहेत.

माघार मोजली की किती पाणी गेलं ते कळतं का? (विद्यार्थी, वाशीम)

कळत नाही. दगडांखालची हिमनदी टोक जागेवर ठेवूनही वरून खंगत जाते, म्हणून जाडी बघावी लागते. दोन काळांचे उंचीनकाशे वजा करतात. आधी शेजारच्या उघड्या खडकावर वजाबाकी शून्याजवळ येते का ते तपासा; नसेल तर नकाशे सरकवून जुळवा. 2000 साली अंतराळयानातून रडारनं केलेल्या एसआरटीएम या उंचीनकाशाचं रडार कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरतं, तीही दुरुस्ती लागते. आलेल्या घनफळाला साधारण 0.85 ने गुणलं की पाणी मिळतं (त्यात भुसभुशीत हिमही असतं, म्हणून निव्वळ बर्फाच्या 0.9 पेक्षा कमी).

पडताळा जागेवरच मिळतो. हिमाचल प्रदेशातल्या छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून बर्फात बांबू रोवून मोजणी होते. बर्फाबाहेरची काठी वर्षभरात 2 मीटरनं जास्त उघडी पडली, तर तिथं 2 गुणिले 0.9, म्हणजे 1.8 मीटर पाणी गेलं. काठी पुरेशी खोल नसेल तर उन्हाळ्यात ती आडवी पडते आणि त्या वर्षाची नोंद जाते.