अपुऱ्या दिवसांचे बाळ, मेंदूतील रक्तस्राव आणि पुढची वाढ

प्रश्न : माझी मुलगी ३०व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन १,३०० ग्रॅम होते. पाचव्या दिवशी डोक्याच्या सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचा रक्तस्राव दिसला. आता ती सहा महिन्यांची असून बऱ्यापैकी मान धरते, पण पालथी पडत नाही. तिच्या मेंदूला इजा झाली असेल का? गरोदरपणात मी फार दगदग केली, त्याचा हा परिणाम आहे का?

उत्तर : आधी दगदगीविषयी. या रक्तस्रावाचे कारण तुमच्या कामात नाही, बाळाच्या अपुऱ्या दिवसांत आहे. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत एक नाजूक थर असतो आणि त्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की रक्तदाबातील चढउतार त्यांना सोसवत नाहीत. म्हणूनच बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत होतात. पहिल्या श्रेणीत रक्त त्या थरापुरतेच राहते आणि बहुधा हळूहळू शोषले जाते. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत, म्हणजे पोकळ्या फुगतात किंवा मेंदूच्या ऊतींत रक्त उतरते तेव्हा, धोका बराच वाढतो.

माझ्या मते पालक 'रक्तस्राव' या शब्दाने जितके धास्तावतात, तितके लक्ष ते पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाच्या इजेकडे देत नाहीत, आणि हातापायांच्या हालचालींवर परिणाम होण्याचा धोका तिच्यात अधिक असतो. ती सुरुवातीच्या सोनोग्राफीत दिसेलच असे नाही. तिच्या खुणा काही वेळा दोन ते चार आठवड्यांनी उमटतात. त्यामुळे नंतरची, विशेषतः मूळ प्रसूतीच्या तारखेच्या सुमाराची सोनोग्राफी झाली होती का, हे कागदपत्रांत पाहा. त्याच कागदांत गर्भपिशवीतील संसर्ग, जन्मानंतरचा जंतुसंसर्ग, आतड्यांचा गंभीर दाह, दीर्घकाळ लागलेला कृत्रिम श्वास किंवा वारंवार घसरलेली साखर यांची नोंद आहे का, तेही तपासा, कारण असे धोके एकमेकांत मिसळले की परिणाम वाढतो. प्रसूतीपूर्वी तुम्हाला स्टिरॉइडची किंवा मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने मिळाली असतील, तर ती बाळाच्या बाजूने जमेची गोष्ट आहे.

आता पालथे पडण्याविषयी. तुमची मुलगी दहा आठवडे आधी आली, म्हणून वाढीचा हिशेब मूळ तारखेपासून करायचा. त्या मापाने ती जेमतेम पावणेचार महिन्यांची आहे आणि या वयात पालथे न पडणे काळजीचे नाही. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत धरतात. मात्र तिच्या मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतील, लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, एकच हात पुढे येत असेल, किंवा ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फिजिओथेरपी लागलीच, तर ती पक्के निदान होण्याआधीही सुरू करता येते. डोळ्यांच्या पडद्याची आणि श्रवणाची तपासणी राहिली असल्यास तीही आताच करून घ्या.