सुरुवातीचा ख्रिस्ती विचार आणि धर्मांची तुलना यावरची अभ्यासू पुस्तकं वाचायचीत, कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की रोमन काळातला देव मिथ्रास आणि येशू म्हणजे एकच कथा असं सांगणारे व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, आता खरी अभ्यासाची पुस्तकं वाचायचीत, इंग्रजी चालेल, पण तुम्ही श्रद्धाळू नाही आणि या विषयाचं शिक्षणही नाही. माझं मत जरा उलटं आहे. तुलनेची पुस्तकं आधी उघडूच नका. ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या त्यातली निदान एक नीट माहीत असल्याशिवाय लेखक कुठे हात मारतोय ते कळत नाही, आणि या विषयात हात मारणारे भरपूर होऊन गेलेत, त्यातले काही तर मोठमोठे प्रोफेसर.

नकाशा म्हणून हेन्री चॅडविकचं 'द अर्ली चर्च' घ्या, 1967 चं आहे, पेंग्विनचं, छोटंसं. माणसं, वाद, बिशपांच्या धर्मपरिषदा, सगळं क्रमाने येतं. थोडं कोरडं आहे पण नायसियाची परिषद 325 ला आणि कॅल्सेडॉनची 451 ला, मध्ये सव्वाशे वर्षं हे लोक नेमके कशावरून भांडत होते हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

मग थेट मूळ ग्रंथ, आणि तोही तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताचा 'कॉन्ट्रा सेल्सम', म्हणजे 'सेल्ससविरुद्ध'. लोक जाडी बघून घाबरतात, पण वाचायला मजा येते हो. सेल्सस हा दुसऱ्या शतकातला ग्रीक विचारवंत, त्याने ख्रिस्ती लोकांविरुद्ध एक सणसणीत पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आज नाही. पण 248 च्या आसपास ओरिजेनने त्याला आठ भागांत उत्तर दिलं आणि उत्तर देताना सेल्ससची वाक्यंच्या वाक्यं उतरवून घेतली, त्यामुळे गंमत अशी की विरोधक आज शिल्लक आहे तो त्याला खोडून काढणाऱ्याच्या कृपेने. सेल्सस आधी एका ज्यू पात्राच्या तोंडून येशूवर तुटून पडतो, मग स्वतः मैदानात उतरतो, ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही डबक्याभोवती सभा भरवून बसलेले बेडूक म्हणतो, असल्या चमत्काराच्या गोष्टी आमच्याकडेही आहेत म्हणतो, वर तुमच्यात जे काही बरं आहे ते प्लेटो आधीच आणि जास्त चांगलं बोलून गेलाय म्हणतो. म्हणजे 'हे तर सगळं आधीच होतं' हा युक्तिवाद इंटरनेटचा नाहीच, अठराशे वर्षं जुना आहे, आणि त्याला तेव्हाच सविस्तर उत्तरही मिळालंय, ते पटो न पटो. अनुवाद चॅडविकचाच, 1953 चा, तळटीपा सोडू नका, अर्धं शिक्षण तिथेच होतं.

ओरिजेनचंच 'ऑन फर्स्ट प्रिन्सिपल्स' मात्र घाईने घेऊ नका. 553 च्या सुमारास त्याच्या मतांचा अधिकृत धिक्कार झाला, मूळ ग्रीक बरंचसं गेलं, आणि पूर्ण मिळतो तो रुफिनस नावाच्या ख्रिस्ती साधूचा लॅटिन अनुवाद, ज्यात रुफिनस स्वतःच प्रस्तावनेत कबूल करतो की खटकणाऱ्या जागा मी सांभाळून घेतल्यात. आता काय वाचायचं, ओरिजेन की रुफिनस?

नॉस्टिक मंडळींबद्दल, म्हणजे गुप्त ज्ञानातून मुक्ती मिळते असं मानणाऱ्या सुरुवातीच्या पंथांबद्दल, सगळेच विचारतात. 1945 ला इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतल्या 13 जुन्या पोथ्या सापडल्या, तोपर्यंत हे लोक आपल्याला मुख्यतः त्यांच्या शत्रूंकडून, म्हणजे इरेनियस या बिशपसारख्यांकडून माहीत होते. इलेन पेगल्सचं 'द नॉस्टिक गॉस्पेल्स' 1979 चं, एका बैठकीत होतं, वाचाच. पण तिथेच थांबू नका, कारण ते वाचून 'चांगले बंडखोर विरुद्ध वाईट बिशप' असा सिनेमा डोक्यात तयार होतो. त्यावर उतारा कॅरेन किंगचं 'व्हॉट इज नॉस्टिसिझम', 2003 चं. ती विचारते की मुळात 'नॉस्टिक' नावाचा एक गट होता तरी का, की ही मोट आपणच बांधली. वॉल्टर बावरचं 1934 चं पुस्तकही यात येतं, बऱ्याच ठिकाणी पुढे पाखंड ठरलेलंच आधी होतं असं त्याचं म्हणणं. कल्पना जबरदस्त, पण काही प्रांतांत पुराव्यापेक्षा पुरावा नसण्यावरच जास्त इमारत उभी केलीय.

आता तुलना. इथे एकच पुस्तक घ्यायचं तर जोनाथन झेड स्मिथचं 'ड्रजरी डिव्हाइन', 1990 चं. पानं कमी पण इंग्रजी घट्ट, एकेक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो. त्याचं म्हणणं असं की सुरुवातीचा ख्रिस्ती धर्म आणि ग्रीक-रोमन गूढपंथ (गुप्त दीक्षा देणारे, मिथ्रासचाही त्यातलाच) यांची तुलना बऱ्याचदा तुलना नव्हतीच, ते प्रोटेस्टंट-कॅथलिक भांडण होतं. मूळ धर्म शुद्ध, नंतर त्यात मूर्तिपूजकांची घाण मिसळली, आणि ती घाण म्हणजे कॅथलिक विधी, असं सुचवायचं होतं. शिवाय 'हे त्याच्यासारखं आहे' हे वाक्यच त्याच्या लेखी अर्धवट. कशाच्या बाबतीत सारखं, आणि तिसऱ्या कोणापेक्षा जास्त सारखं, ते बोला. हा एक प्रश्न घेऊन कुठलंही पुस्तक उघडा, पाच मिनिटांत पारख होते.

मिथ्रासलाच लावून बघा ना. शिल्पांत तो खडकातून बाहेर येतो, कुमारी माता वगैरे काही नाही. पंथाचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नाहीतच, बहुतेक सगळं मंदिरं, शिल्पं आणि शिलालेख यांवरून लावलेलं. 25 डिसेंबर हा त्याचा जन्मदिवस म्हणतात, पण ती तारीख येते 354 च्या एका रोमन पंचांगात, आणि तिथे 'अजिंक्याचा' जन्मदिवस एवढंच लिहिलंय, मिथ्रासचं नाव नाही. साम्य अजिबातच नाही असंही नाही. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन स्वतः सांगतो की मिथ्रासच्या दीक्षेत भाकरी आणि पाण्याचा पेला असतो, आणि सैतानांनी आमची नक्कल केली म्हणून तक्रार करतो. म्हणजे साम्य त्यालाही दिसत होतं, फक्त उसनवारीची दिशा त्याने आपल्या सोयीची धरली. आजचे लोक उलटी धरतात, पुरावा दोघांकडेही तोकडाच.

चांगली तुलना कशी दिसते ते बघायचं तर रुडॉल्फ ओटोचं 1926 चं शंकराचार्य आणि मध्ययुगातला जर्मन ख्रिस्ती गूढवादी एकहार्ट यांच्यावरचं पुस्तक. एकहार्ट खूप नंतरचा, पण पद्धत शिकण्यासारखी: पहिल्या भागात साम्य, दुसऱ्या भागात फरक, आणि फरकाला तेवढाच मान. शेवटी पारडं एकहार्टकडे झुकतंच, ते लक्षात ठेवून वाचायचं. येशू लडाखला येऊन शिकून गेला हे नोटोविच नावाच्या रशियन लेखकाचं 1894 चं प्रकरण मात्र सोडून द्या, पुढच्याच वर्षी एक प्रोफेसर लडाखच्या हेमिस मठात जाऊन विचारून आला आणि तिथल्या प्रमुख लामाने असलं काही झालंच नाही म्हणून सांगितलं.

आणि कोणी यारोस्लाव्ह पेलिकनचे ख्रिस्ती शिकवणीच्या इतिहासाचे पाच खंड घ्या म्हणालं तर म्हणणं चूक नाही, पण तुम्हाला पहिलाच पुरे, 1971 चा, सन 100 ते 600. मूळ ग्रंथांचे संदर्भ समासात दिलेत, त्यामुळे एखादं वाक्य खटकलं की लगेच मूळ काढून बघता येतं. बाकीचे चार बायझँटियम, मध्ययुग आणि त्यापुढे जातात, ते नंतर वाटलं तर घ्या.