घोटा मुरगळला की हाड मोडले?

प्रश्न : जिना उतरताना पाऊल आत वळले आणि बाहेरच्या घोट्यावर लिंबाएवढी सूज आली. लंगडत चालता येते. हाड मोडले असेल का?

सूज किती आली यावरून हाडाचा अंदाज बांधू नये. पाऊल आत वळते तेव्हा बाहेरच्या घोट्याला पावलाशी बांधणारे लिगामेंट ताणले जाते किंवा फाटते, आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या की हाड शाबूत असतानाही घोटा टम्म फुगतो. त्यामुळे पाहायची ती दुखरी जागा. घोट्याच्या उंचवट्याच्या पुढे, किंचित खाली असलेल्या मऊ भागात दुखत असेल तर बहुधा लिगामेंटला इजा झालेली असते. मात्र घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा त्याच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंटिमीटरांत, बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या रेषेत मागे लागणारा उंचवटा किंवा आतल्या बाजूचे कमानीवरचे हाड दुखत असेल, तरीही तो काढावा. पाय मुरगळल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर तो काढावाच. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले हे निकष आजही जगभर वापरले जातात. लंगडत टाकलेली पावले त्यांत धरली जातात. पण ‘चालता येते, म्हणजे हाड ठीक आहे’ ही आपल्याकडची पक्की समजूत चुकीची आहे, कारण बाहेरच्या बारीक हाडाला तडा गेलेली माणसेही चालत दवाखान्यात येतात.

प्रश्न : आईला बरीच वर्षे मधुमेह आहे, तळपाय बधिर असतात. घोटा सुजला आहे, पण ती दुखत नाही म्हणते. थांबावे का?

कृपया थांबू नका. वरचे सगळे निकष वेदनेवर उभे आहेत आणि बधिर पायात वेदना हीच खूण हरवलेली असते. आईंना त्या पायावर भार देऊ न देता आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : तिसऱ्या दिवशी टाच आणि बोटे काळीनिळी झाली. इजा वाढली का? चोळून घ्यावे का?

घोट्याजवळ साचलेले रक्त खाली उतरल्याने रंग बदलतो. केवळ त्यावरून इजा वाढली असे म्हणता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस मात्र चोळणे आणि गरम शेक दोन्ही कटाक्षाने टाळावे, कारण त्याने सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे धरावा आणि पाय उशीवर उंच ठेवावा. पाच-सहा दिवसांनंतरही पायावर भार देता येत नसेल, तर पुन्हा तपासून घ्यावे.