नॉमिनी म्हणजे मालक का? वारसाहक्काविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी २०१६ मध्ये नोंदणीकृत मृत्युपत्र करून पुण्यातला सोसायटीतला फ्लॅट आम्हा तिघा भावंडांना समान दिला. सोसायटीत नॉमिनी म्हणून मात्र धाकट्या भावाचंच नाव आहे. आता तो म्हणतो, फ्लॅट माझा. मृत्युपत्राची मूळ प्रत त्याच्याकडे आहे आणि दोन साक्षीदारांपैकी एक वारले. आईही नाही.

उत्तर : तुमच्या भावाचा समज चुकीचा आहे, पण हा समज घराघरांत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे, खरे हक्कदार ठरेपर्यंत नॉमिनीला फक्त तात्पुरतं सभासद करून घेता येतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं : नॉमिनेशनने मालकी मिळत नाही.

मूळ प्रतीची काळजी नको. नोंदवलेलं मृत्युपत्र दुय्यम निबंधकांच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरवलेलं असतं. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला जोडून कोणीही मागू शकतो. ही प्रमाणित नक्कल आणि मृत्यूचा दाखला जोडून सोसायटीकडे तिघांच्या नावे हस्तांतराचा अर्ज द्या आणि पोच घ्या. भावाने हरकत घेतली तर मालकी कोणाची हे सोसायटी ठरवू शकत नाही, तो निवाडा दिवाणी न्यायालयाचा. भाऊ फ्लॅट विकायला निघाला असेल तर दाव्यासोबत मनाई हुकूमही मागा. पुण्यात केलेल्या मृत्युपत्रावर पुण्यातल्या फ्लॅटसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही.

खरी अडचण साक्षीदाराची आहे. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही. हयात असलेल्या निदान एका साक्षीदाराला न्यायालयात यावंच लागतं, म्हणून त्यांचा पत्ता आजच नक्की करा आणि त्यांच्या प्रकृतीकडे पाहून दावा लांबवू नका. तेही गेले, तर एका साक्षीदाराचं आणि वडिलांचं हस्ताक्षर ओळख पटवून सिद्ध करावं लागेल. वारलेल्या साक्षीदाराच्या सह्या असलेले जुने कागद, म्हणजे पेन्शनचे, बँकेचे किंवा खरेदीखताचे, आतापासून गोळा करा.

प्रश्न : वय ६२, पती नाहीत, मूलबाळ नाही. नाशिकचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला. तो माझं सगळं बघणाऱ्या भाचीला द्यायचा आहे. मृत्युपत्र न करता चालेल का?

उत्तर : ताई, अजिबात चालणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नवरा आणि मुलं नसलेल्या स्त्रीची स्वकष्टाची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, म्हणजे दीर, पुतणे वगैरेंकडे. तिचे आईवडील त्यांच्यानंतर, आणि भाचीचा नंबर त्याहून कितीतरी मागे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हेच लागू केलं. तिथे सासरच्यांनी त्या बाईला वाऱ्यावर सोडलं होतं, तरी मालमत्ता त्यांनाच मिळाली. हा नियम अन्यायाचा आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, पण तो बदलेपर्यंत मृत्युपत्र हाच उपाय.

साध्या कागदावर लिहा. स्टँप पेपर लागत नाही, नोटरीही नाही. फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, सिटी सर्व्हे क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, सगळं घाला. नुसतं ‘माझं घर’ लिहू नका. आधीची मृत्युपत्रं रद्द केल्याचं एक वाक्य हवं, आणि न लिहिलेली उरलीसुरली मालमत्ता कोणाला, हेही. दिराला का देत नाही, हे दोन ओळींत लिहिलंत तर पुढे उपयोगी पडेल.

सगळ्यांत जास्त चुका साक्षीदारांबाबत होतात. बाईंनी घरी सही केली, कागद पाठवला आणि साक्षीदारांनी आपापल्या घरी सह्या केल्या, तर ते मृत्युपत्र टिकत नाही. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझी सही’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि त्यांनीही तुमच्यासमोरच सही करावी. आतला मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान निवडा. भाची साक्षीदार नको, सह्यांच्या वेळी खोलीतही नको, कारण ज्याला मिळणार त्यानेच पुढाकार घेतला की न्यायालय संशयाने पाहतं. ‘पूर्ण शुद्धीत आहेत’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा घ्या. नंतर खाडाखोड करू नका. बदलालाही सही आणि दोन साक्षीदार लागतात, त्यापेक्षा नवं लिहा. नोंदणी ऐच्छिक आहे, पण तुमच्या बाबतीत कराच.

प्रश्न : आम्ही मडगावचे. वडिलांनी इथलं घर आणि मुंबईचा फ्लॅट, दोन्ही थोरल्याच्या नावे मृत्युपत्राने लिहिलं. आम्हा बाकीच्यांना काहीच नाही?

उत्तर : गोव्यात असं करता येत नाही, तिथला वारसा कायदा वेगळा आहे. तुमच्या आईवडिलांनी लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत निम्मी आई मालक. म्हणजे सोळा आण्यांतले आठ आणे आईचे. वडिलांच्या आठ आण्यांपैकी त्यांना मृत्युपत्राने फक्त चार देता येतात. उरलेले चार सगळ्या मुलांचे, समान. मृत्युपत्र पूर्ण रद्द होत नाही, जास्त दिलेला भाग तेवढा कमी होतो. मुंबईचा फ्लॅटही यातच धरायचा, कारण गोव्याच्या रहिवाशाची राज्याबाहेरची मालमत्ताही गोव्याच्याच कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१९चा निकाल आहे. वाटणीसाठी २०१२च्या गोवा वारसा कायद्याखाली दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा, अर्ज करा आणि यादीत मुंबईचा फ्लॅट घालायला विसरू नका.