अमेरिकेत सहा प्रवाशांच्या नौकेचा परवाना: मालवणहून निघण्यापूर्वी काय जमवावे

मालवणच्या बंदरात अनेक वर्षे पर्यटकांची होडी चालवणाऱ्या आपल्यासारख्या तांडेलाला, पत्नीच्या रुग्णालयातील नोकरीमुळे कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळाल्यावर, बाल्टिमोरला येऊन स्वतःची नौका घेता येईल का आणि चेसापीक उपसागरात प्रवासी फिरवण्यासाठी लागणारा कॅप्टनचा परवाना कसा मिळेल, असे आपण विचारले आहे. मी अ‍ॅनापोलिसजवळ राहतो आणि याच परवान्यावर याच पाण्यात प्रवासी नेतो. परवाना आपल्याला मिळू शकेल. स्वतःच्या नौकेचा बेत मात्र काही वर्षे पुढे ढकलावा लागेल.

अमेरिकी तटरक्षक दलाचा सर्वांत खालचा कॅप्टनचा परवाना सहा प्रवाशांपर्यंतच्या नौकेचा असतो आणि बंदरावर सगळे त्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. त्याच्या वरचा मास्टरचा परवाना केवळ अमेरिकी नागरिकाला मिळतो. सिक्स-पॅक नागरिक नसलेल्यालाही देतात, पण केंद्रीय नोंदणी नसलेल्या, म्हणजे साधारणपणे 5 नेट टनांखालच्या नौकांपुरताच (नेट टन हे नौकेतील जागेचे माप आहे, वजनाचे नव्हे). मालकीचा नियम याहून कडक आहे. किनारी वाहतुकीच्या कायद्यानुसार भाडे घेऊन प्रवासी नेणारी नौका अमेरिकेत बांधलेली आणि अमेरिकी नागरिकांच्या मालकीची असावी लागते. नौकेच्या बांधणीबाबत काही छोट्या नौकांना सवलत मिळते, परंतु मालकाच्या नागरिकत्वाबाबत तशी मोकळीक नाही. ग्रीन कार्डानंतर नागरिकत्वाच्या अर्जासाठी सर्वसाधारणपणे 5 वर्षे थांबावे लागते, तेव्हा तोपर्यंत दुसऱ्याच्या नौकेवर नोकरी करायची, असे गृहीत धरूनच घरखर्चाचे गणित मांडावे. परवाना हाती असला म्हणून काम करण्याचा हक्क मिळत नाही, तो ग्रीन कार्डानेच मिळतो, हेही लक्षात असू द्यावे.

आपल्या हातात सध्या जे आहे, त्यात सर्वांत मोलाचे म्हणजे मालवणच्या पाण्यावर काढलेले दिवस. परवान्यासाठी 360 दिवसांचा अनुभव लागतो, त्यांपैकी 90 दिवस अर्जाआधीच्या 7 वर्षांतले असावे लागतात आणि 4 तासांपेक्षा कमी काम झालेला दिवस धरला जात नाही. परदेशातील अनुभव मान्य होतो, परंतु तो येथील अनुभवाच्या तोडीचा आहे की नाही हे तटरक्षक दल कागदपत्रे पाहून ठरवते, आणि म्हणूनच ती कागदपत्रे गाव सोडण्यापूर्वीच हातात असली पाहिजेत. किल्ल्याची एक फेरी थोड्या वेळाची असते, त्यामुळे दिवसभरातील फेऱ्यांचे तास एकत्र लिहिलेली वही फार कामाला येते. नौकेच्या मालकाकडून सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे आणि त्यात नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक, लांबी, टनभार, इंजिनाची ताकद, आपले पद तसेच प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक महिन्यातील दिवस लिहून घ्यावेत. होडी स्वतःची असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणीची प्रत व मालकीचा पुरावा जोडावा आणि मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. अर्जात आतल्या पाण्यातील आणि बाहेरच्या समुद्रातील दिवस वेगळे विचारतात. परवाना खुल्या समुद्रासाठी हवा असेल तर बाहेरच्या समुद्रातील किमान 90 दिवस दाखवावे लागतात, तेव्हा डॉल्फिन दाखवायला किंवा मासेमारीला बाहेर गेलेले दिवस निराळे नोंदवावेत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, ते महिने कोरेच सोडावेत. भरायचे म्हणून भरलेला आकडा संपूर्ण अर्जावर संशय आणतो आणि खोटी माहिती देणे हा येथे गुन्हा आहे. ग्रीन कार्ड लांबले तर 7 वर्षांची मुदतही पुढे सरकत जाते, म्हणून निघेपर्यंत वही चालू ठेवावी.

परीक्षा इंग्रजीत असते. मान्यताप्राप्त शाळेचा अभ्यासक्रम घेतला तर ती तेथेच देता येते, आणि आपण तसेच करावे असे माझे मत आहे. मार्गनियमांच्या, म्हणजे नौकांनी एकमेकींना वाट देण्याच्या नियमांच्या, प्रश्नपत्रिकेत 90 टक्के गुण लागतात आणि बहुतेकांची गाडी तेथेच अडते. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला नवे शिकण्यापेक्षा अंगवळणी पडलेले उलटे करणे जड जाते. भारतात समुद्रातून बंदरात शिरताना तांबडा बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवतात, तर अमेरिकेत तो उजव्या हाताला ठेवायचा असतो. रात्री दमून परतताना हात सवयीनेच वळतो, म्हणून ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती समजू नये. भोंग्यांचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत एका आखूड भोंग्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असा होतो आणि उत्तराची वाट पाहावी लागत नाही. चेसापीक उपसागरात मात्र देशांतर्गत नियम चालतात आणि तोच भोंगा ‘आपण एकमेकांच्या डाव्या बाजूने जाऊ या’ असा प्रस्ताव ठरतो. समोरच्याने तसाच भोंगा देऊन होकार द्यायचा असतो. नकाशावरची खोली येथे बहुधा फुटांत असते, हेही पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावे.

बाकीच्या गोष्टी वेळखाऊ असल्या तरी अवघड नाहीत: वैद्यकीय तपासणी (रंग ओळखण्याच्या चाचणीसह), अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचार व सीपीआरचे प्रमाणपत्र, आणि बोटांचे ठसे देऊन मिळणारे ट्विक हे सुरक्षा ओळखपत्र. परवाना 5 वर्षे चालतो. मासेमारीच्या सहली करायच्या असतील तर मेरीलँड राज्याचा वेगळा परवानाही लागतो.

आपला अनुभव कितीही मोठा असला तरी पहिला हंगाम कोणाच्या तरी नौकेवर खलाशी म्हणून काढावा, असा माझा आग्रह आहे. अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो, त्यामुळे मालवणचा भरतीचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही. पाणी वाऱ्याने हलते, आणि उत्तरेकडचा वारा दोन दिवस टिकला की नेहमीच्या धक्क्यालाही नौका तळाला टेकू शकते. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वादळ चढते, आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे छोटे तरंगते खुणेचे गोळे पंख्यात दोरी अडकवायला टपलेले असतात. हे सारे शिकण्यासाठी पगार मिळतो, शिवाय ते दिवस पुढे अनुभवात धरले जातात आणि मालकांशी ओळखी होतात. हंगाम साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असतो आणि मालक माणसे त्याआधीच ठरवतात, त्यामुळे तारीख आपल्या हाती असेल तर फेब्रुवारीत यावे. जूनमध्ये आलात तर बऱ्याच नौकांवरच्या जागा भरलेल्या असतील.