एक एक्सई दुसरीला चालूच करत नाही : तुमचे प्रश्न

पायथनच्या स्क्रिप्ट पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टची पायथनशिवाय चालणारी फाईल, म्हणजे एक्सई, बनवणारं साधन) पॅक केल्या, सुट्या चालवल्या की मस्त चालतात, एकीने दुसरीला बोलावलं की गडबड. या वेळी सगळे प्रश्न असेच आलेत.

देवगडहून एक बागायतदार : आंब्याच्या बिलांची एक्सई बाजूच्या 'छपाई' फोल्डरमधली लेबल.एक्सई चालवते. डबल क्लिकने चालतं, टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी विंडोजची सोय) लावलं की विनएरर 2, फाईल सापडत नाही.

फाईल जागेवरच आहे हो, शोध भलतीकडे चाललाय. 'छपाई\लेबल.एक्सई' असा अर्धा पाथ चालू फोल्डरपासून मोजला जातो, आणि शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन' रिकामं ठेवलं की तो फोल्डर सिस्टम32 असतो. तिथे कुठून येणार तुमची छपाई! सिस.एक्झिक्युटेबलवरून (चालू असलेल्या प्रोग्रॅमचा पाथ) स्वतःच्या एक्सईचा फोल्डर काढा आणि त्याला जोडून पूर्ण पाथ द्या. __फाईल__ (स्क्रिप्टचा स्वतःचा पाथ) मात्र वापरू नका, कारण वनफाईलमध्ये, म्हणजे सगळं एकाच एक्सईत पॅक केलं की, तो टेम्पमधल्या _एमईआय-ने सुरू होणाऱ्या फोल्डरकडे बोट दाखवतो, आणि प्रोग्रॅम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो.

मालवणहून, होमस्टे चालवणाऱ्या ताई : भाच्याने बुकिंगचा प्रोग्रॅम करून दिला. चालू केला की बॅकअप घ्यायच्या ऐवजी तीच विंडो परत परत उघडते, शेवटी लॅपटॉप अडकतो.

ताई, आधी टास्क मॅनेजरमधून सगळ्या बंद करा, आणि पुढचं भाच्याला वाचायला द्या. स्क्रिप्ट असताना सिस.एक्झिक्युटेबल म्हणजे पायथन, पण पॅक केल्यावर तीच तुमची बुकिंगची एक्सई होते, त्यामुळे 'पायथनने बॅकअप.पाय चालव' म्हटलं की प्रत्यक्षात बुकिंगच पुन्हा चालू होतं, ते परत बॅकअप मागतं, आणि हे थांबतच नाही. बॅकअपची वेगळी एक्सई करता येईल, पण मला दुसरा मार्ग जास्त आवडतो : एक्सई एकच ठेवायची, स्वतःलाच 'बॅकअप' हा शब्द देऊन बोलवायचं, आणि सुरुवातीलाच सिस.आर्गव्ही (प्रोग्रॅमला दिलेल्या शब्दांची यादी) बघून तो शब्द असेल तर विंडो न उघडता फक्त बॅकअप घेऊन बाहेर पडायचं. पर्यटकांच्या गर्दीत एकच फाईल सांभाळायला लागते. मल्टिप्रोसेसिंग (एकाच वेळी अनेक प्रोसेस चालवणं) वापरलं असेल तर मेनच्या पहिल्या ओळीत फ्रीझ_सपोर्ट() हवंच, ते विसरलं तरी विंडोंचा असाच पूर येतो. आणि प्रोग्रॅमने स्वतःला रीस्टार्ट करायचं असेल तर पायइन्स्टॉलरच्या नव्या आवृत्त्यांत नव्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायइन्स्टॉलर_रिसेट_एन्व्हायर्नमेंट = 1 टाका, नाहीतर नवी प्रत जुनीचाच टेम्प फोल्डर वापरते आणि जुनी बंद होताना तो काढून टाकते.

रत्नागिरीचा विद्यार्थी : माझी एक्सई बाहेरचा एक प्रोग्रॅम उघडते. कमांड प्रॉम्प्टवरून तो चालतो, माझ्याकडून डीएलएल एरर.

तुझ्या एक्सईने डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाईली) शोधायची जागा स्वतःच्या फोल्डरकडे वळवलेली असते, ती सेटिंग तिने उघडलेल्या प्रोग्रॅमकडेही जाते आणि मग त्याला तुझ्याच जुन्या-नव्या डीएलएल मिळतात. बोलवण्याआधी सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शन्स बोलवायची सोय) कर्नल32 चं सेटडीएलएलडिरेक्टरीडब्ल्यू(नन) कर. लिनक्सवर हाच घोळ एलडी_लायब्ररी_पाथचा (लायब्ररी कुठे शोधायच्या ते सांगणारी सेटिंग), तिथे मूळ किंमत _ओरिग लावलेल्या नावात जपलेली असते, ती परत घाल, आणि ते नावच नसेल तर एलडी_लायब्ररी_पाथ काढूनच टाक.

हर्णैहून : अँटिव्हायरस माझी दुसरी एक्सई गायब करतो.

वनफाईल सोडून वनडिर (एका फाईलऐवजी पूर्ण फोल्डर) करून बघा, यूपीएक्स (एक्सई दाबून लहान करणारं साधन) बंद ठेवा, आणि तरी पकडली तर अँटिव्हायरस कंपनीला फाईल 'चुकून पकडली' म्हणून पाठवा. अँटिव्हायरस बंद करू नका. वनडिर देताना पूर्ण फोल्डर द्या, पायइन्स्टॉलर 6.0 पासून बाकीचा माल _इंटर्नलमध्ये असतो, नुसती एक्सई पेनड्राइव्हवर नेली तर ती उघडणारच नाही.