परक्या घरातला हिवाळा

स्वयंसेवेसाठी परक्या देशात एखाद्या कुटुंबाकडे राहणार आहेस, तर पोचल्यावर आधी हीटरचं विचारून घे: कधी चालू, किती तापमानावर. मी न विचारता नॉब शेवटपर्यंत फिरवला, वर खिडकी किलकिली ठेवून झोपलो. सकाळी घरच्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसती खिडकी लावून घेतली. बिल त्याच भरायच्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

थंडी वाजली तर आधी अंगावर एक थर वाढव. आतला सुती नको. घामाने भिजला की लवकर वाळत नाही, अंग गार पडतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक घे. बर्फाचे बूट दारातच काढ.

स्वयंसेवेच्या कामावरून उशीर होणार असेल तर कळव, जेवायला थांबतात बिचारे. संध्याकाळी खोलीत कोंडून घेऊ नकोस, भांडी पुसू लाग. तिथली निम्मी भाषा मी भांडी पुसतानाच शिकलो.